रोजकीर्द आणि खतावणी: तुमचा मेल डिस्कवर नेमका कसा राहतो

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार संपवला. ऑफिस 2016 आणि 2019 यांची मुदतही त्याच दिवशी संपली. तेव्हापासून वागळे इस्टेटमधले छोटे कारखाने, वाशीच्या मसाला मार्केटमधले गाळे, बेलापूरमधल्या सीए मंडळींच्या कचेऱ्या, सगळीकडे जुने कॉम्प्युटर बदलण्याचे काम चालू आहे. नवे मशीन येते, डेस्कटॉपवरच्या फाइली येतात, डॉक्युमेंट्स येतात, टॅलीचा डेटा येतो. मग कोणीतरी थंडरबर्ड किंवा आउटलुक हा मेल प्रोग्राम उघडतो आणि दहा वर्षांचा मेल दिसतच नाही. तोवर जुनी डिस्क फॉरमॅट झालेली असते.

अशा वेळी दोष बहुतेकदा हार्डवेअरचा नसतो. मेल डिस्कवर कुठे आणि कोणत्या रूपात पडलेला असतो, हे कोणी कधी सांगितलेले नसते. ते एकदा कळले की पुढचे सगळे, म्हणजे बॅकअप, दुरुस्ती, जागा मोकळी करणे, आपोआप उलगडत जाते.

## आधी हे पाहू: एक मेल म्हणजे काय

कोणताही मेल मुळात साध्या मजकुराचा एक तुकडा असतो. वरच्या भागाला हेडर म्हणतात: कोणाकडून, कोणाला, कधी, कोणत्या सर्व्हरवरून कोणत्या सर्व्हरवर गेला याच्या नोंदी. त्यानंतर एक कोरी ओळ आणि तिच्याखाली पत्राचा मजकूर. पाकिटावरचे शिक्के आणि आतला कागद एकाच पानावर लिहून काढावेत, तशी ही मांडणी आहे. पाया 1982 चा असून आजही तोच चालतो.

पण मूळ नियम फक्त साध्या इंग्रजी अक्षरांसाठी होते. फोटो, पीडीएफ आणि मराठी मजकूर त्यात बसवायला 1992 मध्ये माइम नावाची पद्धत आली. तिच्यातले बेस-64 हे तंत्र दर तीन बाइट घेऊन त्यांची चार साधी अक्षरे करते. म्हणून 15 एमबीचे जोडपत्र मेलमध्ये शिरले की 20 एमबीचे होते, आणि ओळी मोडण्याची चिन्हे धरली तर साधारण साडेवीस. 25 एमबीची मर्यादा असताना 20 एमबीची फाइल का जात नाही, याचे उत्तर हेच.

मराठीच्या बाबतीत हे अगदी जवळून पाहता येते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘ठाणे’ या शब्दात चार चिन्हे आहेत: ठ, काना, ण आणि मात्रा. म्हणजे बारा बाइट. मजकुराची सुरुवातच या शब्दाने झाली, तर बेस-64 नंतर त्याची सोळा अक्षरे होतात. ठ, काना आणि ण यांचे प्रत्येकी चार अक्षरांचे गट ‘4 के एस’ असे सुरू होतात, मात्रेचा गट ‘4 के डब्ल्यू’ असा. शब्दांमध्ये एक जागा सुटली की गट सरकतात आणि तोच ‘ठाणे’ पुढच्या ओळीत वेगळ्या अक्षरांत दिसतो. त्यामुळे मेलची फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यात ‘ठाणे’ शोधले तर बहुतेकदा काहीच सापडत नाही. पत्र तिथेच असते, फक्त वेगळ्या लिपीत उतरवलेले. शोध घ्यायचा तर तो मेल प्रोग्रामच्या आतूनच घ्यावा लागतो.

## एक लांबलचक रोजकीर्द

आता असे हजारो तुकडे ठेवायचे कुठे? युनिक्सच्या काळापासून चालत आलेली पद्धत म्हणजे एमबॉक्स. एका फोल्डरसाठी एकच फाइल. नवा मेल आला की तो फाइलच्या शेवटी चिकटवायचा. पेढीवरच्या रोजकीर्दीसारखे हे आहे: व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने, एकाखाली एक.

थंडरबर्ड आजही मुळात असेच काम करतो. तुम्हाला डावीकडे ‘इनबॉक्स’ दिसतो, तो डिस्कवर इनबॉक्स याच नावाची फाइल असते. तिला शेवटी कोणतेही एक्स्टेन्शन नसते, त्यामुळे ती काहीतरी फालतू फाइल वाटते आणि साफसफाईत उडवली जाते. हीच खरी. इनबॉक्सच्या आत तुम्ही ‘जीएसटी’ नावाचे उपफोल्डर केले असेल, तर इनबॉक्स डॉट एसबीडी नावाचे डिरेक्टरी फोल्डर तयार होते आणि त्याच्या आत ‘जीएसटी’ नावाची फाइल बसते. एसबीडीवाले फोल्डर कॉपी करायचे राहिले तर वरचा इनबॉक्स येतो आणि आतली सगळी उपफोल्डरे मागे राहतात.

या रोजकीर्दीत एक पत्र संपून दुसरे सुरू झाले हे ओळखायचे कसे? ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी ‘फ्रॉम’ हा शब्द आणि त्यापुढे एक जागा आली की नवे पत्र, असा संकेत आहे. इथे एक जुनी भानगड आहे. सोसायटीने इंग्रजी परिपत्रकात ‘फ्रॉम 1 एप्रिल द मेंटेनन्स विल बी रिव्हाइज्ड’ असे लिहिले आणि ती ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली, तर प्रोग्राम फसू शकतो. म्हणून लिहितानाच त्या ओळीआधी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह घातले जाते. जुन्या मेलमध्ये कधीकधी ‘फ्रॉम’च्या आधी असे एक उगीचचे चिन्ह दिसते, ते तिथूनच आलेले. एखाद्या प्रोग्रामने ही काळजी घेतली नाही, तर यादी पुन्हा तयार होताना एका पत्राची दोन होतात, आणि दुसऱ्या अर्ध्याला ना विषय ना पाठवणाऱ्याचे नाव. बारीकसारीक बाब वाटते. पण डिजिटल सही असलेल्या पत्रात एक चिन्ह वाढले तरी सही अवैध ठरते.

## खतावणी जळली तर

पाच जीबीच्या रोजकीर्दीत मार्चमधले एक पत्र शोधायचे तर सुरुवातीपासून वाचत जाणे परवडत नाही. म्हणून शेजारी दुसरी फाइल ठेवतात, तिला इंडेक्स म्हणतात. थंडरबर्डमध्ये ती इनबॉक्स डॉट एमएसएफ. तिच्यात प्रत्येक पत्राचा विषय, तारीख, पाठवणारा आणि ‘मोठ्या फाइलमध्ये ते कितव्या बाइटपासून सुरू होते’ हा आकडा असतो. ही झाली खतावणी, रोजकीर्दीवरून खातेवार उतरवलेल्या वहीसारखी. तुम्ही खिडकीत जी यादी पाहता ती या खतावणीतून येते. पत्रावर क्लिक केल्यावरच रोजकीर्द उघडून मजकूर वाचला जातो.

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट इथे आहे. रोजकीर्दीवरून खतावणी पुन्हा लिहिता येते, खतावणीवरून रोजकीर्द लिहिता येत नाही. डॉट एमएसएफ फाइल गेली तर थंडरबर्ड पुढच्या वेळी ती नव्याने बनवतो, फार तर रकान्यांची मांडणी बिघडते. एक्स्टेन्शन नसलेली फाइल गेली तर पत्रे गेली.

पावसाळ्यात वीज गेली आणि मशीन एकदम बंद पडले, की बिघडते ती बहुधा खतावणीच. लक्षणे ठरलेली आहेत: एका विषयावर क्लिक केले तर दुसराच मजकूर उघडतो, यादीत पत्र दिसते पण आत कोरे, न वाचलेल्यांचा आकडा काही केल्या शून्यावर येत नाही. अशा वेळी घाबरून अकाउंट काढून पुन्हा घालण्याची गरज नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. प्रोग्राम मोठी फाइल पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत वाचतो आणि नवी यादी तयार करतो. फाइल काही जीबीची असेल तर वेळ लागतो, तेवढा द्यावा.

मजकुरातून शोध घेण्यासाठी थंडरबर्डची आणखी एक वेगळी फाइल असते, ग्लोबल मेसेजेस डीबी नावाची एसक्यूलाइट फाइल. तीही खतावणीच्या जातीची. शोधात जुनी पत्रे येईनाशी झाली तर थंडरबर्ड बंद करून ती काढून टाकली तरी चालते, ती पुन्हा बनते.

## डिलीट केले, तरी जागा का सुटत नाही?

कारण रोजकीर्दीत खाडाखोड करून पान फाडत नाहीत, आडवी रेघ मारतात. मधले पत्र खरोखर काढायचे तर त्यानंतरची सगळी पत्रे वर सरकवावी लागतील. 5 जीबीच्या फाइलमध्ये प्रत्येक डिलीटला हे करणे परवडणारे नाही.

थंडरबर्ड प्रत्येक पत्राच्या हेडरमध्ये एक्स-मोझिला-स्टेटस नावाची ओळ ठेवतो. पत्र वाचले की तिथे 0001 होते. डिलीट झाल्याची खूण 0008. वाचून मग डिलीट केलेल्या पत्रावर दोन्ही मिळून 0009 दिसते. पत्र यादीतून गायब होते, फाइलमध्ये मात्र जागच्या जागी असते. वर त्याची एक प्रत ट्रॅश नावाच्या दुसऱ्या एमबॉक्स फाइलमध्ये उतरलेली असते. म्हणजे डिलीट केल्यावर काही काळ त्या पत्राने दुप्पट जागा अडवलेली असते!

जागा सोडवण्यासाठी कॉम्पॅक्ट करावे लागते. फाइल मेनूत कॉम्पॅक्ट फोल्डर्स हा पर्याय आहे. यात होते काय, तर कोरी वही घेऊन रेघ न मारलेल्या नोंदी तेवढ्या उतरवून काढल्या जातात आणि जुनी वही टाकून दिली जाते. यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, कॉम्पॅक्ट करताना दोन्ही वह्या काही वेळ एकत्र असतात. इनबॉक्स 8 जीबीचा असेल तर ड्राइव्हवर जवळपास तेवढी रिकामी जागा हवी. जागा संपली म्हणून कॉम्पॅक्ट करायला जावे आणि जागाच नाही म्हणून ते अडावे, हे नेहमीचे आहे. आधी दुसऱ्या कसल्यातरी फाइली हलवून जागा करा.

दुसरी, मध्येच मशीन बंद केले तर एनएसटीएमपी नावाच्या अर्धवट फाइली मेलच्या फोल्डरमध्ये राहतात. अशा फाइली दिसल्या तर कॉम्पॅक्ट अर्धवट राहिले होते असे समजा. आपला इनबॉक्स शाबूत आहे याची खात्री झाल्यावरच त्या काढा.

तिसरी गोष्ट अनेकांना वाचवून जाते. चुकून ट्रॅशही रिकामा केला, पण अजून कॉम्पॅक्ट झालेले नाही, तर पत्र फाइलमध्ये आहे. लगेच थंडरबर्ड बंद करा, इनबॉक्स फाइलची प्रत दुसरीकडे काढा आणि प्रतीवर काम करा. मजकुराच्या एडिटरमध्ये त्या पत्राच्या स्टेटस ओळीतला 0009 बदलून 0001 केला आणि जुनी एमएसएफ बाजूला ठेवली, की पत्र यादीत परत येते.

## एक फाइल, एक धोका

सगळी पत्रे एका फाइलमध्ये असण्याचा एक त्रास वेगळाच आहे. एका मेलबरोबर व्हायरस आला आणि अँटिव्हायरसने ‘दोषी फाइल’ क्वारंटाइनमध्ये टाकली, तर ती फाइल म्हणजे अख्खा इनबॉक्स असतो. सकाळी थंडरबर्ड उघडल्यावर इनबॉक्स एकदम रिकामा दिसला, तर आधी अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी बघा. तिथून फाइल परत आणा, संशयित पत्र काढून कॉम्पॅक्ट करा. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये येणारा प्रत्येक मेल आधी सुटा तपासू देण्याची सोय आहे, ती चालू ठेवली तर हा प्रसंग टळतो.

## प्रत्येक पत्राला वेगळे पाकीट

दुसरी पद्धत उलटी आहे: एक पत्र, एक फाइल. सर्व्हरच्या जगात हिला मेलडिर म्हणतात. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी ती आखली. तिच्यात ‘टीएमपी’, ‘न्यू’ आणि ‘कर’ (करंट) असे तीन फोल्डर असतात. पत्र आधी टीएमपीमध्ये पूर्ण लिहिले जाते, मग न्यूमध्ये सरकवले जाते, आणि प्रोग्रामने पाहिल्यावर ‘कर’मध्ये जाते. अर्धवट लिहिलेले पत्र कधीही न्यूमध्ये दिसत नाही, त्यामुळे वीज गेली तरी फार तर एक पत्र अडकते. वाचल्याची खूणही फाइलच्या नावातच जोडतात. तिथे विसर्गासारखी दोन टिंबे लागतात आणि विंडोज ते चिन्ह फाइलच्या नावात चालू देत नाही, म्हणून मूळ मेलडिर विंडोजवर जशीच्या तशी नांदत नाही. थंडरबर्डने आपली थोडी बदललेली आवृत्ती दिली आहे, पण नवे अकाउंट जोडताना ती मुद्दाम निवडावी लागते.

मॅकवरचा ॲपल मेलही प्रत्येक पत्राची ईएमएलएक्स फाइल करतो आणि एन्व्हलप इंडेक्स नावाची खतावणी वेगळी ठेवतो. बंद झालेला विंडोज लाइव्ह मेल ईएमएल फाइली ठेवायचा. जुन्या मशीनवर अशा ईएमएल फाइली सापडल्या तर त्या जपून ठेवा, त्या आजच्या बहुतेक मेल प्रोग्राममध्ये उघडतात.

मग सगळेच असे का करत नाहीत? एक लाख मेल म्हणजे एक लाख फाइली. विंडोजची डिस्क साधारण 4 केबीच्या खणांत जागा देते, पत्र त्याहून लहान असले तरी खण पूर्ण अडतो. दर फाइलमागे सरासरी 2 केबी वाया धरले तर लाखभर पत्रांमागे सुमारे 200 एमबी. ते फार नाही. खरा ताण वेळेचा. लाख छोट्या फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करणे एका मोठ्या फाइलपेक्षा कितीतरी सावकाश होते, आणि अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघतो. रोजच्या बॅकअपसाठी मात्र हीच पद्धत सरस आहे. एमबॉक्समध्ये एक नवे पत्र आले तरी 6 जीबीची फाइल ‘बदललेली’ ठरते आणि बॅकअप प्रोग्रामला ती पुन्हा उचलावी लागते. इथे फक्त ते एक पाकीट जाते.

## आउटलुकचे कुलूपबंद कपाट

आउटलुकने तिसरा रस्ता धरला. सगळे फोल्डर, पत्रे, जोडपत्रे, कॅलेंडर, संपर्क, आणि त्यांची खतावणीसुद्धा, एकाच पीएसटी फाइलमध्ये. ही नोटपॅडने वाचता येणारी फाइल नाही. आत छोटे छोटे ठोकळे असतात आणि कोणता ठोकळा कुठे आहे हे सांगणाऱ्या झाडासारख्या फांद्या. वही आणि अनुक्रमणिका एकाच बांधणीत शिवलेली, असे समजा. त्यामुळे वेग चांगला, पण बांधणी उसवली तर दोन्ही एकदम विस्कटतात.

आकाराची मर्यादा आवृत्तीप्रमाणे बदलत गेली. आउटलुक 2002 पर्यंतच्या जुन्या पीएसटीला 2 जीबी. आउटलुक 2003 मध्ये नवा प्रकार आला, त्याला 20 जीबी, आणि 2010 पासून 50 जीबी. जुना 2 जीबीचा आकडा आला कुठून? पत्र कितव्या बाइटवर आहे हे लिहिण्याचा रकानाच तेवढ्या आकड्यापुरता रुंद होता. वही जाड झाली, पण पानक्रमांकाच्या चौकटीत पुढचा आकडा मावेना. आजही एखाद्या कपाटात 2002 च्या काळातली पीएसटी असेल तर तिच्यात नवे काही भरू नका. नवी पीएसटी उघडा आणि पत्रे तिकडे ओढा.

इथेही डिलीट केल्याने फाइल लगेच लहान होत नाही, आतले ठोकळे रिकामे होऊन पुढच्या पत्रांची वाट बघतात. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, सेटिंग्ज या वाटेने कॉम्पॅक्ट नाऊ मिळते. फाइल उघडेनाशी झाली तर ऑफिसबरोबर येणारे स्कॅनपीएसटी हे साधन वापरा. आउटलुक बंद ठेवा, दुरुस्तीआधी बॅकअप घेण्याची खूण तशीच राहू द्या, आणि ‘चुका नाहीत’ असे उत्तर येईपर्यंत ते दोन-तीनदा चालवा. ज्या पत्रांचे मूळ फोल्डर सापडत नाही ती लॉस्ट अँड फाउंडमध्ये जमा होतात, तिथे बघायला विसरू नका.

पीएसटीला पासवर्ड लावता येतो आणि अनेकजण त्यावर विसंबतात. विसंबू नये. तो पासवर्ड फक्त एका छोट्या तपास-आकड्याच्या रूपात फाइलमध्ये नोंदलेला असतो, तो उडवणारी साधने सहज मिळतात. आतला मजकूरही खऱ्या अर्थाने कुलूपबंद नसतो, ठरावीक तक्त्याने अक्षरे अदलाबदल केलेली असतात एवढेच. एमबॉक्सला तर तेवढीही ओढणी नाही. लॅपटॉप लोकलमध्ये राहून गेला तर मेल वाचला जाऊ नये असे वाटत असेल, तर अख्खी डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट करा आणि तिची रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवा.

पीएसटीची एक बहीण आहे, ओएसटी. दिसायला सारखी, पण काम वेगळे. ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते आणि त्या मशीनवरच्या त्या अकाउंटशीच बांधलेली असते. नव्या मशीनवर नेऊन ती उघडत नाही.

## ‘पण आमचा मेल तर सर्व्हरवरच आहे ना?’

हा आक्षेप नेहमी येतो आणि निम्मा बरोबर आहे. अकाउंट कसे जोडले आहे त्यावर ते ठरते.

आयमॅप पद्धतीत सर्व्हर मूळ आणि तुमचा कॉम्प्युटर आरसा. नव्या मशीनवर अकाउंट जोडले की मेल पुन्हा उतरतो. पण आरसा दोन्हीकडून चालतो: फोनवर डिलीट केलेले पत्र कॉम्प्युटरवरूनही जाते. म्हणून आयमॅपची स्थानिक प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

पीओपी पद्धतीत मेल उतरवून घेतला जातो आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण नसेल तर तिकडून काढला जातो. मग जगातली एकमेव प्रत त्या एका डिस्कवर. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचा विचार करा. मेल सचिवांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पीओपीने उतरतो. निवडणूक होते, समिती बदलते, नव्या सचिवांना पासवर्ड मिळतो. ते लॉगिन करतात आणि बिल्डरशी झालेला, लिफ्टच्या कंत्राटदाराशी झालेला, सगळा जुना पत्रव्यवहार नाही. पासवर्ड हातात आला, दप्तर आले नाही. समिती बदलताना मेलच्या फाइलीही रीतसर सोपवायला हव्यात.

आयमॅपमध्ये आणखी एक फसगत होते. यादीत पत्र दिसते म्हणून ते डिस्कवर आहे असे आपण धरतो. पण प्रोग्रामने फक्त हेडर आणून खतावणी भरलेली असू शकते, मजकूर क्लिक केल्यावर येतो. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज इथे ‘या कॉम्प्युटरवर मेल ठेवा’ अशा अर्थाची खूण आहे. आउटलुकमध्ये कंपनीच्या अकाउंटला ‘मेल टू कीप ऑफलाइन’ अशी पट्टी असते आणि ती बहुधा एका वर्षावर असते. अकाउंट बंद होण्याआधी पीएसटीत एक्सपोर्ट करणार असाल, तर आधी ही पट्टी ‘ऑल’वर न्या, सगळे उतरू द्या, मगच एक्सपोर्ट करा. नाहीतर वर्षभराचाच मेल हाती लागतो, आणि हे कळते तेव्हा अकाउंट बंद झालेले असते.

## ‘इतका जुना मेल लागतो कोणाला?’

जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावी लागतात. 2023-24 च्या विवरणाची तारीख 31 डिसेंबर 2024 होती, म्हणजे त्या वर्षाची बिले 31 डिसेंबर 2030 पर्यंत. पुरवठादाराने बिल मेलनेच पाठवले असेल आणि ते कुठेही वेगळे साठवले नसेल, तर ते त्या इनबॉक्स फाइलमध्येच आहे.

दुसरे कारण कोर्टाचे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा, एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. म्हणून वादात सापडलेले पत्र फॉरवर्ड करून ठेवू नका, फॉरवर्डमध्ये मूळ हेडर गळून पडतात. ‘सेव्ह ॲज’ने त्याची सुटी ईएमएल फाइल करा, आउटलुकमध्ये एमएसजी, आणि मूळ फाइलला कॉम्पॅक्ट न करता तिची प्रत बाजूला ठेवा. प्रिंटआउटवर हेडर नसतात.

## नव्या मशीनवर नेताना

थंडरबर्ड असेल तर हेल्प, मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, आणि प्रोफाइल फोल्डरसमोरचे ओपन फोल्डर. नाव आठ यादृच्छिक अक्षरांनी सुरू होणारे फोल्डर उघडेल. आता थंडरबर्ड बंद करा, एक पायरी वर जा आणि ते अख्खे फोल्डर उचला. मेल आणि आयमॅपमेल ही दोन फोल्डरे पत्रांची, पण अकाउंटची मांडणी, फिल्टर, पत्ते, पासवर्ड हे सगळे त्याच प्रोफाइलमध्ये इतरत्र असते. नव्या मशीनवर किमान तितकीच नवी आवृत्ती बसवा, जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीचे प्रोफाइल घेत नाही. मग अबाउट प्रोफाइल्स पानावर नवे प्रोफाइल करून त्याला हे फोल्डर दाखवा.

आउटलुक असेल तर अकाउंट सेटिंग्जमधल्या डेटा फाइल्स यादीत प्रत्येक पीएसटीचा पत्ता दिसतो. सगळ्या टिपून घ्या, अर्काइव्ह नावाची एखादी कोपऱ्यात असतेच. आउटलुक बंद करून कॉपी करा, आणि तिकडे ओपन अँड एक्सपोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाइल. इम्पोर्ट करण्याची गरज नाही. विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या नव्या आउटलुकमध्ये पीएसटीचा आधार जुन्याइतका पूर्ण नाही, त्यामुळे क्लासिक आउटलुक बसवलेले बरे.

6 जीबीची फाइल पेनड्राइव्हवर टाकताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप आला आणि ड्राइव्हवर तर 32 जीबी रिकामे असले, तर ड्राइव्ह फॅट-32 मध्ये आहे. त्या पद्धतीत एका फाइलला 4 जीबीची सीमा आहे. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

चालू पीएसटी वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहू देऊ नका. नव्या विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर नकळत वनड्राइव्हमध्ये गेलेले असते आणि आउटलुक फाइल्स त्याच्याच आत असते. आउटलुक ती फाइल सतत उघडी ठेवतो आणि सतत बदलतो, वनड्राइव्ह ती सतत वर चढवू पाहतो. यातून सिंक अडते आणि फाइल बिघडू शकते. ऑफिसमधल्या दुसऱ्या मशीनवरच्या शेअर फोल्डरमधून पीएसटी चालवणेही टाळा. बॅकअपची बंद प्रत तिथे ठेवायला हरकत नाही.

सगळे झाल्यावर नव्या मशीनचे नेट बंद करा आणि मेल उघडा. सगळ्यात जुने पत्र, सगळ्यात आतल्या उपफोल्डरमधले पत्र आणि मोठे जोडपत्र असलेले एक पत्र उघडून बघा. सेंट फोल्डर विसरू नका. नेट नसताना ही चारही उघडली तर पत्रे खरोखर या डिस्कवर आली आहेत. तोवर जुनी डिस्क काढून एका पाकिटात, वर तारीख लिहून, कपाटात राहू द्या. भंगारवाल्याकडे मशीन देताना डिस्कशिवाय द्या, किंवा विंडोज रीसेटमधला ड्राइव्ह क्लीन करण्याचा पर्याय निवडून पूर्ण पुसून द्या. नुसते डिलीट केलेल्या एमबॉक्समधला मजकूर कोणीही वाचू शकतो.